अ.पा.क. आई

जुलै 2023 मध्ये टपालाने आलेल्या एका पत्राने मला विचारले होते की मी माझ्या आईची मुलगी आहे हे कशावरून. पत्रातले शब्द अर्थातच निराळे होते. अर्जदार आणि लाभार्थी यांच्यातील दाव्यात नमूद केलेले नाते सिद्ध होण्यास सादर केलेला पुरावा अपुरा आहे, अशा संयत सरकारी इंग्रजीत ते लिहिलेले होते. पण न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात उभ्याने ते वाचताना मला त्याचा अर्थ एवढाच लागला, आणि सत्तावन्नाव्या वर्षी आपल्याला हे कुणी विचारावे याचा सल काही दिवस माझ्या मनातून गेला नाही.

माझा भाऊ 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. त्यानंतर बुलढाण्याच्या घरी आई एकटी राहिली. भाचा नोकरीसाठी पुण्यात होता आणि शनिवार-रविवारी जमेल तसा जाऊन येत होता. मी अमेरिकेची नागरिक असल्याने, आईला कायमचे माझ्याकडे आणता यावे म्हणून तिच्यासाठी आय-130 हा अर्ज भरला. एकवीस वर्षांवरील नागरिकाला आई-वडिलांसाठी असा अर्ज करता येतो आणि त्याला वर्षाकाठी ठराविक संख्येची मर्यादा नसते, त्यामुळे भावंडांसाठी अर्ज केलेल्यांच्या वाट्याला येते तशी वर्षानुवर्षांची रांग आईच्या वाट्याला येणार नव्हती. अर्जासोबत माझे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, लग्नानंतर नाव बदलल्याचे कागद आणि माझा जन्मदाखला जोडला होता. त्या दाखल्यावर आईचे नाव स्पष्ट छापलेले होते. मला ते पुरेसे वाटले होते.

पत्राचा आक्षेप त्या दाखल्यावरच होता. माझा जन्म 1966 चा आणि नोंदणीची तारीख 1994 ची. त्या वर्षी माझे लग्न ठरले, परदेशी जायचे म्हणून जन्मदाखला लागला, आणि नोंद सापडत नाही असे समजून घरच्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन उशिराची नोंद करवून घेतली. कायद्याने तो दाखला पूर्ण वैध आहे. पण ज्याने मला किंवा आईला कधी पाहिलेले नाही अशा अधिकाऱ्याच्या बाजूने विचार केला, तर जन्मानंतर अठ्ठावीस वर्षांनी, गरज पडल्यावर, मागून घेतलेला कागद जन्माविषयी नेमके काय सांगतो? तो एवढेच सांगतो की 1994 साली कुणीतरी तसे सांगितले. हे मला पत्राच्या तिसऱ्या वाचनात पटले, आणि ज्या क्षणी पटले त्या क्षणी राग ओसरून कामाला लागता आले.

पुराव्याची अशी मागणी, इथल्या मराठी माणसांच्या बोलण्यात जिला सरसकट 'आरएफई' म्हणतात, ती आली की घरात नकाराची बातमी आल्यासारखे वातावरण होते. वस्तुस्थिती तशी नाही. 2018 मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने, आपल्या अधिकाऱ्यांना, आवश्यक पुरावा जोडलेला नसेल तर काही न विचारता अर्ज थेट नाकारण्याची मोकळीक दिली होती. जून 2021 मध्ये ते धोरण मागे घेऊन, आणखी पुराव्याने अर्जदार पात्र ठरू शकत असेल तर त्याला आधी विचारावे, असे पुन्हा ठरले. म्हणजे हे पत्र येणे हीच एक संधी असते. तिचे नियम मात्र कडक आहेत. मला चौऱ्याऐंशी दिवस होते आणि टपालासाठी वर तीन. मुदत वाढवून मिळत नाही. उत्तर शेवटच्या तारखेपर्यंत त्यांच्या हाती पोचलेले असावे लागते, त्या तारखेला टपालात टाकून चालत नाही. आणि सगळा पुरावा एकदमच द्यावा लागतो; अर्धा आज, अर्धा पुढच्या महिन्यात, असे केले तर पहिल्या पाकिटावरच निर्णय होतो. कोविडच्या काळात साठ दिवसांची जादा सवलत होती, ती 23 मार्च 2023 रोजीच्या पत्रांपर्यंतच लागू होती आणि माझे पत्र 3 जुलैचे होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात दिवस मोजले. सत्त्याऐंशीवा दिवस 28 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला येत होता.

काय द्यायचे, याचीही एक उतरंड नियमांत घालून दिलेली आहे. आधी मूळ पुरावा, म्हणजे जन्माच्या सुमारास झालेली नोंद. ती नसेल किंवा मिळत नसेल तर तसे दाखवून दुय्यम पुरावा, म्हणजे शाळेचे किंवा धर्मस्थळाचे जुने दप्तर. तेही नसेल तर, या अर्जात पक्षकार नसलेल्या आणि घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेल्या किमान दोन माणसांची शपथपत्रे. पायरी गाळता येत नाही. वरची का उपलब्ध नाही हे सांगितल्याशिवाय खालचीवर उतरता येत नाही. डीएनए चाचणीचा पर्यायही असतो. ती सक्तीची नसते, पण केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आणि 99.5 टक्के किंवा त्याहून अधिक खात्रीने नाते दिसावे लागते. आईला हे फोनवर सांगितल्यावर ती लगेच तयार झाली. मीच तयार नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मुंबईपर्यंत नेऊन तिच्या गालातला नमुना घेण्याआधी, तिचे आईपण या जगात कुठे तरी लिहिलेले असेल, ते आपण शोधले पाहिजे, असे मला फार तीव्रतेने वाटले.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, आणि तो अमलात आला 1 एप्रिल 1970 पासून. त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदी असतील किंवा नसतील, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही ठाऊक आहे. पण नोंद सक्तीची नव्हती याचा अर्थ ती होतच नव्हती असा नाही. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्माची आणि मरणाची वर्दी घेत असे, आणि त्याची ती वही, कोतवाल बुक, पुढे तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा होई. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक याच वह्यांतल्या आजा-पणजाच्या नोंदी हुडकतात. माझ्या मनात ते आले नव्हते, भाच्याच्या आले. त्याने नकलेसाठी अर्ज केला, चार वेळा रजा काढून पुण्याहून गेला, आणि ऑगस्टच्या मध्यावर मला एक छायाचित्र पाठवले. कडा झिजलेले, निळसर शाईचे पान होते. 15 सप्टेंबर 1966. बापाचे नाव. त्यापुढे जात. त्यापुढे एकच शब्द: मुलगी.

माझे नाव नव्हते, कारण वर्दी दिली तेव्हा बारसे व्हायचे होते आणि नंतर नाव कळवायला कुणी गेले नव्हते. आईचे नाव नव्हते, कारण त्या वहीत आईसाठी रकानाच नव्हता. आणि तारीख माझी नव्हती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, 1994 च्या जन्मदाखल्यावर आणि अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर 1 जून 1966 अशी तारीख आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत माझ्या वयाच्या असंख्य लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. जूनमध्ये शाळा उघडे, गुरुजी वस्तीवरून मुले गोळा करून आणत, घरच्यांना तारीख सांगता येत नसे, आणि प्रवेशाचे वय भरावे म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष धरून पुढे 1 जून लिहीत. त्यात लबाडी नव्हती. उलट ज्या मुलीला शाळेत घालायचे घरात कुणाच्या मनातही नव्हते, तिला पहिलीत बसवण्याची ती गुरुजींची रीत होती. मला स्वतःला तिचे ऋण वाटते. पण नेवार्कच्या रस्त्यावरच्या एका कार्यालयात बसलेल्या माझ्या वकीलबाईंना हे समजावून सांगताना मला प्रथमच जाणवले की जे आपण सगळे जाणतो, ते कुठे लिहिलेले नसते.

त्याच सुमारास मावशीच्या शपथपत्राचे काम चालू होते. मावशी आईहून सहा वर्षांनी मोठी, तेव्हा चौऱ्याऐंशीची. माझ्या जन्माच्या वेळी ती आईचे बाळंतपण करायला आमच्या घरी आलेली होती. तहसीलसमोरच्या टंकलेखकाने नेहमीचा मजकूर तयार केला: मी शपथेवर कथन करते की अमुक हिचा जन्म दिनांक 1 जून 1966 रोजी झाला असून वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. भाच्याने तो तिला वाचून दाखवला. तिने अंगठा द्यायला नकार दिला आणि मला फोन लावायला सांगितले.

"एक जूनले तं तुह्या मायले सहावा लागला होता," ती म्हणाली. "तू पोळ्याच्या करीले झाली. त्या साली धोंड्याचा महिना होता, यंदासारखाच श्रावण दोनदा आला होता, म्हणून पोळा लांबला. मी तिथं कंदील धरून उभी होती. मी खोटी शपथ कशी खाऊ, माय?"

मी फोन ठेवून जुन्या तारखा तपासल्या. 1966 साली अधिक श्रावण होता. पोळा 14 सप्टेंबरला आणि कर 15 ला. कोतवाल बुकातली तारीख तीच होती, आणि मावशीने ती वही कधी पाहिली नव्हती. ज्या चांद्रगणनेने 2023 मध्ये पुन्हा अधिक श्रावण आणून तिची आठवण जागी केली होती, तिच्या हिशेबाने त्या वर्षीचा पोळाही 14 सप्टेंबरलाच येत होता.

इथे खरा पेच होता, आणि मी तो प्रांजळपणे सांगते. मावशीने 1 जून म्हणावे, कोतवाल बुकाचे पान बाजूला ठेवावे, आणि सगळे कागद एकमेकांशी जुळलेले पाठवावेत, असा सल्ला मला दोन-तीन हितचिंतकांनी दिला. कागद जुळले की काम होते, हा आपल्याकडचा पिढ्यांचा अनुभव आहे आणि सल्ला देणाऱ्यांच्या मनात माझे भले होते. वकीलबाईंचे म्हणणे उलट होते. इथल्या अपील मंडळाचा 1988 चा एक निर्णय आहे, 'मॅटर ऑफ हो'. कागदांतली विसंगती अर्जदाराने स्वतंत्र, वस्तुनिष्ठ पुराव्याने दूर करावी, आणि एका ठिकाणी शंका उरली तर ती बाकीच्या पुराव्यावरही पसरते, असे त्यात म्हटले आहे. विसंगती असणे हा दोष नव्हे, ती लपवणे हा दोष आहे, एवढे मला त्यातून समजले. पण खरे सांगायचे तर निर्णय त्याआधीच झालेला होता. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी मावशी जे शपथेवर म्हणायला तयार नव्हती, ते मी तिच्या नावावर पाठवणार नव्हते.

म्हणून शपथपत्र नव्याने लिहिले. इंग्रजीत न करता मराठीत केले, कारण जी भाषा तिला वाचून दाखवता येत नाही तिच्यातल्या मजकुरावर तिचा अंगठा घेण्यात मला अर्थ वाटेना. ती कोण, कुठे राहते, माझ्याशी नाते काय, जन्म कुठे आणि केव्हा झाला, आणि मुख्य म्हणजे हे तिला कसे माहीत, हे सगळे त्यात तिच्या सांगण्याप्रमाणे आले. टंकलेखकाच्या साच्यात हा शेवटचा प्रश्नच नव्हता. सुईण कोणत्या घरची होती, दिवस मावळून गेला होता, अंगणात पूजलेले मातीचे बैल तसेच होते, असे त्यात आहे. दुसरे शपथपत्र माझ्या चुलत काकांचे. कोतवालाकडे वर्दी द्यायला तेच गेले होते. गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेतले. माझ्या प्रवेशाच्या दिवशी दाखल झालेल्या बहुतेक मुलांची जन्मतारीख 1 जून लिहिलेली आहे, असे त्या पत्रात त्यांनी दप्तर पाहून प्रमाणित केले. गुरुजींची ती रीत अशा प्रकारे पहिल्यांदा कागदावर आली.

पण एवढे सगळे जमल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, टेबलावर पसरलेल्या कागदांकडे पाहताना माझ्या लक्षात आले की आई कुठेच नाही. कोतवाल बुकात बाप. दाखल-खारीज रजिस्टरात मुलीचे नाव, बापाचे नाव, आडनाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच. शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो मार्च 2024 मध्ये, म्हणजे मी हे कागद चाळत होते त्यानंतर सहा महिन्यांनी. ज्या बाईने मला नऊ महिने वाहिले, जिने पुढे एकटीने वाढवले, तिला या दोन माणसांच्या शपथांखेरीज सगळ्या जुन्या दप्तरांत एक ओळ नव्हती. पत्राने विचारलेला प्रश्न मला जुलैत अपमानाचा वाटला होता. आता तो मला आमच्याच दप्तरांना विचारावासा वाटू लागला.

बाबा 1975 च्या दिवाळीनंतर गेले. मी नऊ वर्षांची होते. आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन त्यांच्या नावावर होती, आणि हे मी भाच्याला सहज बोलता बोलता म्हणाले, तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "आत्या, मग वारस लागले असतील. फेरफार असेल."

फेरफार होता. गाव नमुना सहा, 1976 ची वारसाची नोंद, तलाठ्याच्या तिरप्या अक्षरात. खातेदार मयत झाल्याने वारस येणेप्रमाणे: पहिल्या ओळीत आईचे नाव, त्यापुढे 'बेवा' आणि बाबांचे नाव. दुसऱ्या ओळीत भावाचे नाव. तिसऱ्या ओळीत माझे, लग्नाआधीचे, वय वर्षे दहा. आणि आम्हा दोघांच्या नावांना मिळून एक कंस करून त्यापुढे लिहिलेले: अ.पा.क. आई.

ज्यांनी कधी सातबारा हाताळला आहे त्यांना हे अक्षर अनोळखी नसेल. अज्ञान पालन कर्ता. वारस अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने जमीन कुणी सांभाळायची, ते या तीन अक्षरांनी लिहितात. मी ते पान पडद्यावर मोठे करून पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या जन्मानंतर दहा वर्षांच्या आत, अमेरिका माझ्या कल्पनेतही नसताना, कुठल्याही अर्जासाठी नव्हे तर केवळ जमिनीचा हिशेब नीट राहावा म्हणून, एका तलाठ्याने माझ्या नावापुढे आई हा शब्द लिहून ठेवला होता. तो लिहिला गेला ते बाबा गेले म्हणून. ते असते तर त्याही कागदावर तिला जागा मिळाली नसती, हा विचार मला आजही शांतपणे करता येत नाही.

त्या पानाचा अनुवाद हे वेगळेच काम होते. परभाषेतल्या प्रत्येक कागदासोबत संपूर्ण इंग्रजी अनुवाद, आणि तो पूर्ण व अचूक असल्याचे व आपण तो करण्यास सक्षम असल्याचे अनुवादकाचे सही केलेले निवेदन द्यावे लागते. मी मराठी जाणते, पण अर्ज माझा असल्याने अनुवाद दुसऱ्याने केलेला बरा, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तो केला. 'बेवा' सोपे होते. अ.पा.क. साठी आम्ही दोघींनी एक संध्याकाळ घालवली. नुसता पालक हा शब्द वापरला तर न्यायालयाने नेमलेली कुणी परकी व्यक्ती असा समज होऊ शकला असता. शेवटी तिने संक्षेपाची पूर्ण फोड दिली, अज्ञान व्यक्तीची पालनकर्ती, आणि पुढे, मुळात जसे आहे तसे, आई. नावातला फरकही नोंदवला: पासपोर्टवर आईचे नुसते नाव आहे, फेरफारात त्याला 'बाई' जोडलेले आहे.

पाकिटात सर्वांत वर त्यांचे मूळ पत्र ठेवले, तसे सांगितलेले असते. त्याखाली माझे चार पानांचे निवेदन. 1 जून ही माझ्या सर्व कागदांवरची तारीख शाळेत अंदाजाने लिहिली गेली, माझा जन्म बहुधा 15 सप्टेंबरचा आहे, 1994 ची नोंद शाळेच्या दाखल्यावरून झाली, आणि या कशानेही आईशी असलेले माझे नाते बदलत नाही, हे मी सरळ लिहिले. अशा अर्जांत लागणारे प्रमाण निःसंशय सिद्धतेचे नसते. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता अधिक, एवढे दिसले की पुरते. ज्या निर्णयात हे नेटके मांडले आहे तो 2010 चा, त्याचे नाव 'मॅटर ऑफ चवाथे'. ते नाव वाचताना मला उगाच धीर आला. पाकीट 18 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, कुरिअरने गेले आणि दोन दिवसांनी पोचल्याची पावती आली. नोव्हेंबरात अर्ज मंजूर झाल्याचे कळले. मंजुरीच्या पत्रात कोणत्या कागदाने नाते सिद्ध झाले ते लिहिलेले नसते.

त्यानंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले, आणि मुंबईच्या मुलाखतीआधी तिथे आईचा स्वतःचा जन्मदाखला लागतो. ती 1945 ची. तिच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकाची त्या सालाची पाने वाळवीने गेलेली आहेत. त्या वर्षीची नोंद उपलब्ध नसल्याचे अनुपलब्धता प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने दिले. शाळेत ती गेलीच नव्हती. उरली शपथपत्रे, आणि तिचा जन्म आठवू शकेल असे माणूस आता एकच होते.

मावशी त्या वेळी सहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या मुलीला काय माहीत असणार, असे भाच्याला वाटले. मी त्याला सांगितले की जे माहीत असेल तेवढेच विचार आणि तिच्या शब्दांत लिहून घे. तिने सांगितले ते असे: रात्री तिला झोपेतून उठवून शेजारच्या घरी नेऊन निजवले. सकाळी परत आणले तेव्हा तिची आई बाजेवर होती, बाजेखाली शेगडी होती, आणि सुपात एक तान्ही मुलगी होती. तिने त्या मुलीच्या मुठीत आपले बोट दिले. जन्म तिने पाहिला नाही. त्या सकाळी बहीण होती, आदल्या दिवशी नव्हती, हे तिने पाहिले.

तारखेच्या जागी भाच्याने तिला साल विचारले. ते तिला सांगता आले नाही, म्हणून शपथपत्रात ते लिहिलेले नाही.